गाडीतली काळी पूड

१८ जानेवारी २०१४, शनिवार

ही वही वाणसामानाची. मागच्या पानांवर हे लिहिते आहे, कारण मनातलं बोलावं असं इथे परदेशात कोणी नाही आणि सांगलीला फोनवर सांगितलं तर आईची झोप उडेल.

ह्यांच्या बॅगेतून डबा काढताना आज गोळ्यांची बाटली हाताला लागली. औषधाच्या दुकानाचं लेबल, त्यावर ह्यांचंच नाव, रोज एक. निम्मी रिकामी. विचारलं तर म्हणाले, "अ‍ॅसिडिटीच्या आहेत."

मी म्हटलं, "श्रियाला वाचायला देऊ?"

लेकीचं नाव निघालं, मग खरं बाहेर आलं. डिसेंबरात कामावरून परस्पर डॉक्टरबाईंकडे गेले होते. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशात मन नाही, हे सगळं एका परक्या बाईला पंधरा मिनिटांत सांगून आले. मला नाही सांगितलं. ही दुसरी बाटली. "डिप्रेशन म्हणतात त्याला," असं जमिनीकडे बघत म्हणाले.

ईस्ट टामाकीच्या कारखान्यात ह्यांचं टूलरूम होतं ते गेल्या हिवाळ्यात बंद झालं. साचे आता चीनमधून येतात. ह्यांना काढलं नाही, गोदामात घातलं. ज्याने पंचवीस वर्षं साचे केले तो आता खोक्यांना प्लास्टिक गुंडाळतो. वाईट वाटणारच. पण म्हणून गोळ्या? आमच्या सदूकाकांचं असंच झोपेच्या गोळ्यांवरून सुरू झालं होतं. शेवटी ओट्यावर बसलेले असायचे, लाळ गळत असायची, लहान पोरं खडे मारायची. मी डोळ्यांनी पाहिलंय.

ह्यांना देवासमोर उभं केलं आणि माझ्या गळ्याची शपथ घातली. आणलेली बाटली वाया नको, ती संपवा. पण त्यानंतर एकही गोळी नाही. ह्यांनी मान हलवली.

१ फेब्रुवारी, शनिवार

विनिताकडे हळदीकुंकू झालं. ही विनिता नाशिकची, शिकायला आलेली, इथेच लग्न करून राहिली. चौतीसएक वर्षांची असेल. नवरा मकरंद वेलिंग्टनला नोकरीला, शनिवार-रविवार येतो. घर आमच्यापासून दोन गल्ल्या.

तीळगुळाबरोबर तिने वाण काय द्यावं? एक स्टीलची वाटी, आणि वाटीत औषधाची पुडी! वर रंगीत कागद, त्यात हसणारी गोरी बाई.

"ताई, औषध नाही हो. नुसती खनिजं आहेत. झिंक, मॅग्नेशियम, सेलेनियम. मातीत असतात तीच. मन प्रसन्न राहायला मदत होते."

"मातीच खायची तर माझ्या तुळशीच्या कुंडीत आहे की."

सगळ्या हसल्या. तीही हसली, पण मला पोचवायला दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "माझं बाळ गेलं ना, त्यानंतर दोन वर्षं मी पडदे उघडले नव्हते. मला ह्याचा उपयोग झाला म्हणून सांगते."

असेलही. पण विकणाऱ्या बाईला अशी एखादी गोष्ट लागतेच. ती ह्या कंपनीचा माल विकते हे सगळ्यांना माहीत आहे. सवाष्णीच्या हातचं वाण नाकारता येत नाही, फेकता तर मुळीच येत नाही, हे तिला बरोबर ठाऊक. पुडी देवापुढे ठेवली आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांची बाटली संपली. सुटले एकदाचे. लेबल भिजवून काढलं, बाटली धुऊन वाळवली आणि तिच्यात कापूर भरून ठेवला. झाकण घट्ट आहे, उडणार नाही.

ह्यांनी देवापुढची पुडी बघितली. कागद उभ्याउभ्या सगळा वाचला. मग माझ्याकडे आले आणि शाळेतल्या मुलासारखं विचारलं, "नीला, ही औषधं नाहीत. ह्याने शपथ मोडत नाही ना?"

मला हसू आलं. म्हटलं, "वाणाचं आहे. घ्या."

१२ फेब्रुवारी, बुधवार

एका पुडीवर भागलं नाही. विनिताकडून तीन मोठे डबे आणले. दिवसाला नऊ कॅप्सूल! सकाळी तीन, दुपारी तीन, संध्याकाळी तीन. माणूस जेवतो तरी किती वेळा?

आणि काय काय बघते आहे मी. लघवी पिवळीजर्द, हळदीसारखी. मला वाटलं कावीळ. हे म्हणाले, कागदावर लिहिलंय तसं, त्यात जीवनसत्त्वंही आहेत. पोट बिघडलंय, सकाळी दोनदा तीनदा जावं लागतं. तेही लिहिलंय म्हणे. सगळं लिहून ठेवलं की बरं असतं, कुणी भांडायला येत नाही.

परवा डब्यावरचा बारीक मजकूर श्रियाकडून वाचून घेतला. पंधरा वर्षांची मुलगी, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

"हे जिलेटिन म्हणजे गं?"

"कॅटल, मम. लाइक, बोन्स अँड स्किन. हेप्स ऑफ थिंग्जमध्ये असतं."

मी डबा खाली ठेवला आणि हात धुतले. गाईची हाडं आणि ती माझ्या घरात दिवसातून तीन वेळा! आता मीच कॅप्सूल सोडवते, आतली करडी पूड ताकात कालवते, कवच बाहेर कचऱ्यात. जिभेला लावून बघितली. गंजलेला तवा चाटल्यासारखी लागते. आंघोळ झाली की उपाशीपोटीच देते, तीर्थासारखी. दोन दिवस उलटी केली. शरीर नको म्हणत असेल तर ते ऐकायला नको का?

पण एक लिहायलाच हवं. रविवारी ह्यांनी आपणहून लॉन कापलं. कापताना शीळ घालत होते. शीळ मी वर्षभरात ऐकली नव्हती. बरं वाटलं. मग लगेच वाटलं, एवढ्या लवकर? ह्या पुडीत नक्की आहे तरी काय?

२० फेब्रुवारी, गुरुवार

शीळ गेली.

मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं होतं म्हणतात. भोवळ येते. पहाटे घाम फुटून जागे होतात. काल श्रियाने फोन टेबलावर ठेवला एवढ्यावरून तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "व्हॉट्स हिज प्रॉब्लेम?" आणि खोलीत जाऊन बसली. मग हेच तिच्या दाराशी अर्धा तास उभे. आत गेले नाहीत, हाक मारली नाही, नुसते उभे.

माझा संशय खरा ठरला. ही पूड डोक्यात चढते. मी सरळ विनिताला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि उलट मलाच विचारलं, "ताई, दादांचं दुसरं काही औषध चालू होतं का? अचानक बंद केलंय असं काही?"

"छे. आमच्याकडे असलं काही नाही."

"नक्की ना? कारण डॉक्टरांना न विचारता…"

"सांगितलं ना, नाही."

घरातलं तिला कशाला सांगू? उद्या मंडळातल्या सगळ्यांना कळेल की गुरुदत्त वेड्याच्या गोळ्या खात होते. आणि तिचा माल बिघडलेला निघाला तर दोष आमच्यावर ढकलायला तिला बरंच. त्या गोळ्या तर केव्हाच संपल्या. संपलेली गोष्ट कशाला उकरायची?

३ मार्च, सोमवार

विनिताचा फोन ह्यांना येतो. फोनवर तिचं नाव दिसलं की हे गॅरेजमध्ये जातात. आज मी वॉशिंग मशीनशी उभी होते. ऐकू आलं, "नाही, तिला नको सांगू. तिने मनापासून सांगितलंय." थोड्या वेळाने, "बघतो. जाईन."

कुठे जाणार? काय नको सांगू?

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. ती तरुण आहे, नवरा पाच दिवस गावाला, आणि माझा नवरा तिच्याशी बोलतो ते माझ्याशी बोलत नाही. जपाला बसले तरी माळ हातात थांबून राहते. मण्यांपेक्षा तिचं नावच जास्त वेळा येतं.

११ मार्च, मंगळवार

ह्यांच्या पॅंटच्या दुमडीत काळी पूड निघाली.

धुण्याआधी खिसे-दुमडी झटकायची माझी सवय, म्हणून सापडली. बारीक, जड, उजेडात धरली की चमकते. कॅप्सूलमधली पूड करडी आहे, ही काळीकुट्ट. मग गाडीत जाऊन पाहिलं. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पायपुसण्यावर तीच, भरपूर.

म्हणजे मी कॅप्सूल फोडून ताकात देते हे ह्यांनी तिला सांगितलं असणार, आणि तिने हे दुसरं दिलं, जास्त जहाल. माझ्या नजरेआड, गाडीत बसून घेतात. घाईत सांडतं. चिमूटभर पूड मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवली आहे. पुरावा असू दे. वेळ आली की तिच्यापुढे ठेवीन.

१९ मार्च, बुधवार

डबीत आणखी भर पडली. काल मोज्यातही होती. मोज्यात? पायाने कोण औषध घेतं? कदाचित लपवतात.

जेवणाचा डबा रोज घासल्यासारखा रिकामा येतो. पण ह्यांच्या पट्ट्याला मी परवा खिळा तापवून नवं भोक पाडलं, दोन बोटं आत. खातात ते जातं कुठे? डब्याच्या पिशवीला एक पांढरं पीस चिकटलं होतं.

पिशवीचा वास घेतला तर खारट. घाम असेल.

३१ मार्च, सोमवार, पाडवा

गुढी उभारली. मॉपचा दांडा, माझी पैठणी, वर तांब्या. वाऱ्याने दोनदा पडली, हे धरून उभे राहिले. मग श्रीखंड नुसतं चाखलं आणि कामाला गेले. सुट्टी नाही मिळाली म्हणे.

आज मात्र मन थोडं हलकं आहे. संध्याकाळी ह्यांनी मला टेबलाशी बसवलं आणि विजेचं बिल इंटरनेटवरून कसं भरायचं ते दाखवलं. सगळे पासवर्ड वळणदार अक्षरात लिहून दिले. घराचे कागद, विम्याचे कागद, श्रियाच्या पासपोर्टचं कधी बघायचं, सगळं एका निळ्या फाइलमध्ये लावून ठेवलंय. किती महिन्यांनी ह्यांनी घरात असं लक्ष घातलं!

"मला काय करायचंय हे शिकून? तुम्ही आहात की."

"तुला येईल. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, नीला. मॅट्रिकला तुला गणितात माझ्याहून जास्त होते."

चोवीस वर्षांत हे पहिल्यांदा कबूल केलं. आवाजही शांत होता, वादावादी नाही, चिडचिड नाही. पूड लागू पडली म्हणायची का? की माझं कौतुक करून काही लपवायचंय?

१ एप्रिल, मंगळवार

खूप उशीर झालाय. तरी लिहिणार. जसं झालं तसं.

श्रियाला सर्दी, म्हणून घरी होती. काढ्यासाठी सुंठ शोधताना तिने देवाजवळची ती डबी उघडली.

"मम, कुंकूच्या डबीत सँड का आहे?"

"वाळू नाही ती. बाबांचं औषध आहे. ठेव खाली."

ती हसायलाच लागली. "धिस? इट्स पीहा सँड, मम. ब्लॅक सँड. वी डिड इट इन सायन्स." फ्रिजवरचा भाजीवाल्याचा लोहचुंबक काढला आणि डबीवर धरला. सगळी पूड टुणकन उडून त्याला केसांसारखी चिकटली. "सी? आयर्न. वेस्ट कोस्टच्या सगळ्या बीचवर अशी असते."

मी विचारलं, "पीहा कुठे?"

"टिटिरांगीच्या पलीकडे, जंगलातून. हाफ अ‍ॅन अवर, फॉर्टी मिनिट्स."

ईस्ट टामाकी एका बाजूला. हा समुद्र बरोबर उलट्या बाजूला. ह्यांच्या मोज्यात तीन आठवडे समुद्राची वाळू येते आहे.

मी श्रियाला कारखान्यात फोन लावायला सांगितला. स्पीकरवर कोणी दणकट आवाजाचा माणूस. "गुरु? ही'ज बीन ऑन लीव्ह, लव. सिन्स द टेन्थ. इज ही ओके?"

ह्यांचा फोन बंद.

आणि तेव्हा मला ती निळी फाइल आठवली. कुणी काही सांगितलं नाही, आपोआपच कळलं. मला गाडी येत नाही. श्रियाला येत नाही. आमच्या जवळ राहणारं, दिवसा घरी असणारं आणि गाडी असलेलं माणूस ह्या गावात एकच.

विनिता सात मिनिटांत आली. पायात जॅंडल्स, इथल्या रबरी चपला, केस ओले. एक प्रश्न विचारला नाही. श्रियाला म्हणाली, "तू फोनजवळ बस. बाबा आले तर लगेच कळव." टिटिरांगी ओलांडून रस्ता डोंगरात शिरला, नुसती वळणं. मी देवाचं नाव घ्यायला लागले.

"ताई, एक विचारू? रागावू नका. दादांना डॉक्टरांनी काही दिलं होतं ना?"

मी म्हटलं, "हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"दादांनी मला गेल्या महिन्यात सांगितलं. तीन वेळा फोन करून मी त्यांना म्हटलं, डॉक्टरांकडे जा, पुन्हा सुरू करा, माझे डबे परत द्या हवं तर. ते म्हणाले, नीलाने शपथ घातलीये. मी घेतल्या आणि तिला काही झालं तर?" तिने गियर बदलला. "तुम्हाला सांगायला हवं होतं मी. त्यांनी नको म्हटलं म्हणून गप्प बसले. माझंही चुकलं."

तिचंही! मी ह्या बाईला काय काय ठरवून बसले होते. खिडकीबाहेर बघत मी विचारलं, "तुझं बाळ किती महिन्यांचं होतं?"

"पाच."



वरच्या वळणावरून समुद्र दिसला. लाटा पांढऱ्या, किनारा काळा, जळून गेल्यासारखा. खाली आमची गाडी उभी होती. मी चपला तिथेच टाकून पळाले. वाळू तापलेली होती.

हे बसले होते. पाण्यापासून थोडे अलीकडे, अंगात कामावरचं ते पिवळं जॅकेट. बूट काढून शेजारी शेजारी लावलेले, दाराबाहेर ठेवतात तसे, एका बुटात घड्याळ आणि गाडीची चावी. मांडीवर डबा. माझ्या पोळ्यांचे तुकडे करून पक्ष्यांना घालत होते.

एवढ्या वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "अहो, जेवलात का?"

त्यांनी वर पाहिलं. "तू कशी आलीस?"

"विनिताने आणलं."

पोळीचा आणखी एक तुकडा पक्ष्यांकडे टाकला. मग म्हणाले, "रोज येतो. रोज परत जातो. आज…" मी ह्यांच्या जॅकेटची बाही मुठीत धरली. घरी येईपर्यंत सोडली नाही. विनिता लांब उभी राहून फोनवर डॉक्टरबाईंशी बोलत होती. बूट, घड्याळ, चावी सगळं तिने उचललं.

२ एप्रिल, बुधवार

काल तिथून थेट दवाखान्यात गेलो होतो, ते लिहायचं राहिलं.

डॉक्टरबाईंनी सगळी कामं बाजूला ठेवली. ह्यांना काही सरळ सरळ प्रश्न विचारले. ह्यांनी जी उत्तरं दिली ती मी इथे लिहिणार नाही. मग माझ्याकडे वळल्या. विनिता समजावून सांगत होती. अशी गोळी एकदम थांबवली तर भोवळ, डोक्यात करंट, घाम, चिडचिड हे होऊ शकतं, आणि मूळचं दुखणं दुप्पट होऊन परत येऊ शकतं. थांबवायचीच तर हळूहळू, त्यांच्या देखरेखीखाली.

विनिताच्या गाडीत तसलेच डबे होते, त्यातला एक मी पुढे केला. म्हटलं, "आणि हे? हे विष नाही?"

त्यांनी चष्मा लावून सगळं लेबल वाचलं. विष नाही म्हणाल्या. काहींना बरं वाटतंही. पण ह्या गोळीची जागा त्याने घ्यावी असं कुणी ठरवलं? आणि रिकाम्या पोटी झिंक दिल्यावर उलटी होणारच. सध्या बाजूला ठेवा, पुढे बघू, आणि काहीही घेतलं तरी मला सांगा.

म्हणजे मी ज्याच्यावर पाळत ठेवली ते बिचारं निम्मं निर्दोष होतं. आणि जे बंद केल्याबद्दल मी बाटली धुऊन वाळत घातली, ते…

नवी चिठ्ठी लिहून झाली. ह्यांनी ती हातात घेतली नाही. माझ्याकडे बघितलं. मला आधी कळेना. मग कळलं. शपथ घालणाऱ्यानेच सोडवायची असते. दुसऱ्या कुणाला, डॉक्टरला, देवालासुद्धा ती सोडवता येत नाही. सगळ्यांसमोर लहान मुलांसारखं ते म्हणायची लाज वाटली, तरी म्हटलं.

"सुटली शपथ."

"नीट म्हण," हे म्हणाले.

"माझ्या गळ्याची शपथ सुटली. मला काही होत नाही. घ्या तुम्ही."

डॉक्टरबाईंनी विनिताकडे पाहिलं. विनिता म्हणाली, "आय'ल एक्सप्लेन लेटर." आणि तिथेच रडायला लागली.

१८ जानेवारीचं पान आज परत वाचलं. माझंच अक्षर. किती ठाम.

१० एप्रिल, गुरुवार

गोळ्या सुरू आहेत. असर व्हायला आठवडे लागतील, तोवर एकटं सोडायचं नाही असं बजावलंय. मकरंद वेलिंग्टनहून आला आहे, दुपारी ह्यांच्याबरोबर बसतो, दोघं कॅरम खेळतात, बोलत नाहीत. गाडीची चावी विनिताकडे. मी रोज गोळी हातावर ठेवते, तोंड उघडून दाखवायला लावते. हे म्हणतात, "जेलर झालीस." होऊ दे. माझा विश्वास बसत नाही. गोळीवर नाही, ह्यांच्या 'बरं आहे'वर नाही, आणि माझ्यावर तर नाहीच नाही.

एक नर्सबाई घरी येतात. किआ ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणून आत येतात, आमच्याकडे बघून बूट बाहेर काढतात. आज मला म्हणाल्या, रोज विचारायचं. "कसं वाटतंय" असं नाही. जीव द्यावा असं आज मनात आहे का, असं, त्याच शब्दांत. विचारल्याने ते डोक्यात येत नाही, उलट आत कोंडलेलं बाहेर येतं.

हो हो म्हटलं. पण विचारू कसं? घरात अभद्र बोलू नये. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. आईने जन्मभर तोंडावर हात ठेवून आम्हाला हे शिकवलं. एखाद्या दिवशी मी तो शब्द उच्चारायचे आणि त्याच क्षणी भिंतीतून कुणी तथास्तु म्हणालं तर?

१४ एप्रिल, सोमवार

तीन दिवस "आज बरं आहे ना?" असंच विचारते आहे. हे "हो" म्हणतात. नर्सबाईंनी आज ह्यांच्यादेखत विचारलं, "तिने विचारलं का?" हे म्हणाले, "नाही. ती मला उत्तर सांगूनच प्रश्न विचारते."

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी चहा झाल्यावर ह्यांना म्हटलं, "जरा बाहेर या."

"कुठे?"

"या तर."

आमचं अंगण ओलांडून फाटकाच्या बाहेर, फुटपाथवर, पत्रपेटीच्याही पलीकडे नेलं. घरापासून लांब. कचऱ्याचे डबे रांगेत उभे होते. समोरचे म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन चालले होते, त्यांनी हात केला, आम्हीही केला. ते वळणापार गेले. मग मी ह्यांच्या डोळ्यांत बघून नर्सबाईंनी सांगितले तेच शब्द विचारले. एकही गाळला नाही.

हे घराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. इथे का आणलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ओठाचा एक कोपरा हलला.

"पहाटे होतं मनात," म्हणाले. "तू उठलीस, तुझ्या बांगड्यांचा आवाज आला. त्यानंतर नाही. आत्ता नाही."

मी म्हटलं, "खरं?"

"खरं."

ते खरं की माझ्यासाठी बोलले, मला माहीत नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून पूर्वीही मला काही कळलं नव्हतं. पण 'पहाटे होतं' हे त्यांनी सांगितलं, आणि ते ऐकून मी तिथेच उभी राहिले. आभाळ कोसळलं नाही. कुणी तथास्तु म्हटलं नाही.

नर्सबाईंना फोन करून पहाटेचं सांगितलं. उद्या पुन्हा विचारीन. पाऊस असला तर छत्री घेऊन बाहेर नेईन, पण विचारीन.